पेटीतले दोन पासपोर्ट

इकबाल पारकरच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला एक किल्ली असायची. नवखा माणूस ती बघून तावीज समजायचा आणि आदरानं गप्प बसायचा. इकबालही त्याचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे. किल्ली होती पत्र्याच्या हिरव्या पेटीची. पंचवीस वर्षांपूर्वी कातळोलीहून निघताना बापानं घेऊन दिलेली ती पेटी आता दोह्यात, अल थुमामाच्या व्हिलात, त्याच्या पलंगाखाली होती. तिच्यात आता कपडे नव्हते, गावच्या माणसांचे पासपोर्ट होते.

व्हिला काही त्याचा नव्हता. एका कतरी म्हाताऱ्याकडून तो अख्खा भाड्यानं घ्यायचा, दिवाणखान्यात प्लायवूडच्या भिंती ठोकून दोनाच्या पाच खोल्या करायच्या आणि त्या आपल्या माणसांना द्यायच्या, हा त्याचा धंदा. तरी सगळे त्याला मालक म्हणत. त्यालाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला! कातळोलीचा माणूस विमानातून उतरला की सरळ इकबालच्या दारात. नोकरीवर रुजू होईपर्यंत जेवणखाण त्याच्या बायकोच्या, रबियाच्या हातचं, झोपायला गच्चीवरची खोली. आणि पहिल्याच दिवशी, चहा संपायच्या आत, पासपोर्ट पेटीत. पुष्कळांचे पासपोर्ट त्यांचे कफील, म्हणजे नोकरीला ठेवणारे मालकच, ठेवून घेत, त्यांचा प्रश्नच नव्हता. पण ज्याचा त्याच्या हातात असे, त्यानं तो इकबालचाचाकडे द्यायचा. फार वर्षांपूर्वी कुणाचा तरी पासपोर्ट लुंगीबरोबर बादलीत भिजून लगदा झाला होता, तेव्हापासूनची ही पद्धत. कुणी पावती मागितली नाही, कुणी दिली नाही. गावच्या मशिदीच्या चाव्या जशा एका माणसाकडे असतात, तसंच हे.

आणि हीच पद्धत त्याच्या मुळावर आली.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी होता. डिसेंबरात आशियाई खेळ व्हायचे म्हणून सगळं दोहा खणून ठेवलेलं. घरातनं निघालेला माणूस कुठल्या रस्त्यानं परत येईल याचा भरवसा नाही. एका रविवारी सकाळी त्या धुळीतनं वाट काढत एक शिपाई व्हिलाच्या फाटकाशी आला आणि त्यानं इकबालच्या हातात लिफाफा दिला. वर अरबी, खाली इंग्रजी. रहिवासी हक्क कार्यालय. आपण आपल्या भाडेकरूचा पासपोर्ट अडवून ठेवल्याची तक्रार आली आहे, उद्या नऊ वाजता हजर राहावे. तक्रारदाराचं नाव वाचायची गरजच नव्हती, तरी इकबालनं ते वाचलं. मजीद अब्दुल्ला तांडेल. गावच्या विधवा जैतूनभाबीचा मजीद.

"आला ना घरापर्यंत!" रबिया पदराला हात पुसत म्हणाली. "मी कवाची सांगतंय, त्येचा त्येला देऊन टाका."

"देऊ? कसा देऊ?"

इकबालनं लिफाफा घडी करून खिशात घातला. 

मजीद चोवीस वर्षांचा, पाइप फिटर. त्याच्या कंपनीचं काम संपलं, हिशेब झाला, कंपनीनं त्याचा पासपोर्ट त्याला परत केला आणि देश सोडायचा परवाना, ज्याला इथं सगळे खुरूज म्हणतात, तोही काढून दिला. परवान्याची मुदत गुरुवारपर्यंत. सगळ्यांना वाटलं, पोरगा गावाला जाईल, जैतूनभाबी त्याच्यासाठी मुलगी बघून बसली आहे. मजीदनं रिवाजाप्रमाणे पासपोर्ट पेटीत ठेवायला दिला आणि दोन दिवसांनी हळूच सांगितलं, तिकीट मुंबईचं नाही, कुवेतचं आहे. कुवेतहून पुढं इराक. तिथल्या लष्करी तळावर स्वयंपाकघरात काम. एजंटानं सगळं जमवलं आहे.

आपल्या सरकारनं तिकडं जायला बंदी घातलेली, वाटेवर ट्रक पेटत होते, माणसं पळवली जात होती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा थोरला भाऊ शहजाद त्याच वाटेनं गेला होता, ट्रक चालवायला. सव्वा वर्षापूर्वी त्याचा फोन यायचा थांबला. कंपनीचा फोन कुणी उचलेना. माणूस ना जिवंतांत ना मेलेल्यांत.

"मी पैशासाठी नाय चाललू, चाचा," मजीदनं सांगितलं होतं. "भायला शोधाया चाललू. आई रोज रात्री त्येचा ताट वाढते. किती दिस बघाचा?"

त्या दिवसापासून पेटी उघडली नव्हती. मजीदनं तीनदा मागितला, तीनदा इकबाल म्हणाला, उद्या. कारण मजीदनं मागायच्या आधीच्या शुक्रवारी जैतूनभाबीनं फोनवर त्याच्याकडून वचन घेतलं होतं. तिला कुठून कळलं अल्लाला ठाऊक, पण कळलं होतं. ती रडली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. कोरड्या आवाजात म्हणाली होती, "इकबाल, एकाचा पासपोर्ट तूच पेटीतना काढून दिलास. मी तुला बोल लावला नाय. पन ह्येचा दिलास तर बघ. हा तुज्याकडं माजी अमानत हाय."

इकबालनं कबूल केलं होतं.

सोमवारी नऊ वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात गेला. मजीद आधीच येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. दोघांमध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा मोकळी. सलाम झाला, कारण सलाम तर करावाच लागतो, पण नजरानजर झाली नाही.

साहेब कतरी, पन्नाशीचा, चष्म्यातनं बघणारा शांत माणूस. शेजारी दुभाषा. त्यानं इकबालचं नाव वाचलं आणि एकदम मराठीत म्हणाला, "पारकरभाई, रत्नागिरीकडचे का? मी बेनेडिक्ट तुस्कानो, वसईचा. घाबरू नका, जे असेल ते सरळ सांगा, मी नीट सांगेन साहेबांना."

मराठी ऐकून इकबालच्या जिवात थोडा जीव आला. त्यानं सगळं सांगितलं. पेटीची पद्धत सांगितली, बादलीत भिजलेला पासपोर्ट सांगितला, जैतूनभाबीचं वचन सांगितलं. आपण चोर नाही, लुटारू नाही, भाडेकरूंना पोटच्या पोरासारखं सांभाळतो, हवं तर सगळ्या व्हिलाला विचारा. शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेबांना सांगा, हा पासपोर्ट मी अडवलेला नाही. ती अमानत आहे."

बेनेडिक्टनं अरबीत सांगितलं. अमानत, विश्वासानं सोपवलेली ठेव; शब्द मूळचा अरबीच, त्याचं काही भाषांतर करावं लागलं नाही. साहेबानं चष्मा काढला.

"साहेब विचारतात," बेनेडिक्ट जरा अवघडून म्हणाला, "अमानत धन्यानं मागितली की त्याच क्षणी परत करायची असते, हे तुम्ही मुसलमान असून तुम्हाला ठाऊक नाही?"

 लहानपणी मदरशात इकबालला हेच शिकवलं होतं.

"पण त्याची आई..."

"आईनं पासपोर्ट दिला होता तुमच्याकडे? नाही ना. ज्यानं दिला, तो मागतो आहे." साहेबाचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्यानंच इकबालला जास्त भीती वाटली. "तो माणूस सज्ञान आहे. त्यानं कुठं जावं हे घरमालकानं ठरवायचं नाही. त्याच्या आईनं त्याला समजवावं, तुम्ही समजवा, मी पण सांगेन त्याला. पण कागद त्याचा आहे. बुधवारी बारा वाजेपर्यंत या टेबलावर. नाहीतर पोलीस येतील, पेटी उघडतील आणि व्हिलाला सील लागेल. त्यात किती कुटुंबं आहेत?"

"पाच कुटुंबं. आणि अकरा सडे."

"मग त्यांचाही विचार करा."

बाहेर येताना बेनेडिक्ट दारापर्यंत सोबत आला. म्हणाला, "पारकरभाई, मी इथं सहा वर्षं आहे. पासपोर्ट दाबून ठेवणाऱ्या दगडाच्या काळजाच्या माणसांना या साहेबांनी सरळ केलंय. तुम्ही तसले नाही हे मला दिसतं. पण कायद्याला ते कसं दिसणार?"

इकबालला कुणीतरी भर रस्त्यात धोतर फेडल्यासारखं वाटत होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तीच गोष्ट टेबलावर ठेवून माणसं तिला गुन्हा म्हणत होती, आणि त्यांचं चुकतही नव्हतं.

व्हिलात बातमी त्याच्या आधी पोचली होती. संध्याकाळपासून माणसं एकेक करून त्याच्या खोलीच्या दाराशी यायला लागली. कुणी डोकं खाजवत, कुणी भिंतीकडे बघत. "तसा काय नाय, चाचा. तुमच्यावर भरवसा नाय असा नाय. पन पोलीस आले तर उगीच..." वीस वर्षं जो शेजारच्या खोलीत राहिला, ज्याच्या पोरीचं नाव इकबालनं ठेवलं, तो सुद्धा आला. इकबाल पलंगावर बसून होता.  पेटी ओढायची, कुलूप काढायचं, पासपोर्ट हातात द्यायचा. वरून विमानं जात होती. थुमामा विमानतळाच्या इतकं लागून की विमान आलं की बोलणारा माणूस वाक्य अर्धं ठेवून थांबतो आणि विमान गेलं की पुढं चालू करतो. त्या संध्याकाळी कुणाला अर्धं वाक्य पूर्ण करावंसं वाटलं नाही.

मंगळवारी सकाळपर्यंत पेटीत दोनच पासपोर्ट राहिले.

एक मजीदचा. आणि दुसरा, पेटीच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या खाली, एका मोठ्या पिवळ्या पाकिटात. तो शहजादचा.

ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होती, इकबालला आणि रबियाला. चौदा महिन्यांपूर्वी ते पाकीट कुवेतहून आलं होतं. शहजादनं कंपनीच्या कागदावर पत्ता म्हणून व्हिलाचाच पत्ता दिला होता, इकबालचंच नाव दिलं होतं. आत त्याचा पासपोर्ट आणि इंग्रजीतलं पत्र. ट्रकचा ताफा महामार्गावर जळाला, शहजादच्या ट्रकमध्ये काही उरलं नाही, पासपोर्ट तेवढा तळावरच्या त्याच्या खोलीत सापडला, कुटुंबीयांना कळवावे.

कळवावे! इकबालनं पत्र चार वेळा वाचलं, मग वर्तमानपत्राखाली सारलं आणि शुक्रवारची वाट बघत बसला, कारण जैतूनभाबीशी बोलायचा वार शुक्रवार. ती गावाहून मिस्ड कॉल द्यायची, हा फोनच्या कार्डावरून उलट लावायचा. त्या शुक्रवारी तो सांगणार होता. शब्द सुद्धा जुळवले होते. पण त्यानं 'भाबी' म्हणायच्या आत तीच बोलली. म्हणाली, "इकबाल, काल सपनात शहजाद आल्ता. शिरखुर्मा केलता मी, दोन वाट्या खाल्लान." आणि हसली. खरोखर हसली. इकबालनं फोन ठेवला तो घामानं भिजून. पुढच्या शुक्रवारी सांगू म्हणाला. पुढच्या शुक्रवारी तिला ताप होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बकरी ईदच्या गोष्टी. असे चौदा महिने त्यानं शुक्रवार ढकलले. आणि हळूहळू स्वतःची समजूत घातली की आपण तिला जगवतोय. खरं तर आपण स्वतःला वाचवतोय हे त्याला कळत होतं. शहजादचा पासपोर्ट त्यानंच काढून दिला होता, पाठ थोपटून, अल्लाच्या हवाली म्हणून. तो मेला हे सांगायचं म्हणजे मी मारला हे सांगायचं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"आता तरी सांगा मजीदला," रबिया मंगळवारी दुपारी म्हणाली. तिनं जेवणाचं ताट समोर ठेवलं होतं, त्याला हात लागला नव्हता. "तो कुना‌ला शोधाया चाललाय? जो नाय त्येला? तुमी सांगलाव तर तो जानार कशाला?"

"आनि भाबी?"

"भाबीचा एक गेला. दुसरापन घालवताव काय?"

तिचं म्हणणं सरळ होतं आणि बरोबर होतं. इकबाल उठला, जिना चढून गच्चीवरच्या खोलीत गेला. मजीद बॅग भरत होता. एका बाजूला आईसाठी घेतलेली शाल होती, ती कुणाच्या तरी हाती गावाला पाठवायची म्हणून वेगळी ठेवलेली. इकबाल दारातच उभा राहिला.

"मजीद, मना काय सांगाचा हाय."

"पासपोर्ट आनलाव?"

"नाय. पन आयक..."

"मग मना काय आयकाचा नाय." मजीदनं वर बघितलंच नाही. "चाचा, तुमच्यापुढं आवाज चढवाया मना लाज वाटते. माजा बाप गेला तवा तुमी आमाला सांभाळलाव. पन भाय गेला तवा तुमी काय केलाव? कुवेतला एक फोन केलाव? कुनाला इचारलाव? शुक्रवारचा आईला 'इन्शाल्ला' बोलताव, खलास."

इकबालला बोलायचं होतं. ओठ हलले सुद्धा. वरून विमान आलं आणि तो थांबला, आणि विमान गेल्यावर त्याला पुढं बोलता आलं नाही. तो जिना उतरून खाली आला.

मनात आलं, बुधवारी जाऊच नये. पेटी घेऊन कुठंतरी निघून जावं, गुरुवार उलटेपर्यंत. परवान्याची मुदत टळेल. पोलीस पकडतील, पकडू देत. व्हिलाला सील लागेल. पाच बायका आणि त्यांची कच्चीबच्ची रस्त्यावर येतील. आणि मजीदला कंपनी आठ दिवसांत दुसरा परवाना काढून देईल. सगळीकडून विचार करून बघितला. एकच गोष्ट उरत होती, आणि ती त्या पिवळ्या पाकिटात होती.

बुधवारी साडेअकराला त्यानं कार्यालयातल्या टेबलावर पेटीच ठेवली. साहेबानं पेटीकडे बघितलं, मग इकबालकडे. इकबालनं गळ्यातली किल्ली काढली. ती बेनेडिक्टकडे दिली, कुलूप त्यानं उघडलं.

मजीदचा पासपोर्ट वरच होता. साहेबानं तो उघडून फोटो बघितला, मजीदकडे बघितलं आणि त्याच्या हातात दिला. मजीदनं कागदावर सही केली. झालं होतं काम. बेनेडिक्टनं फाइल मिटायला घेतली.

"थांबा," इकबाल म्हणाला. "अजून एक आहे."

त्यानं वर्तमानपत्र उचललं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. मजीदकडे न बघता म्हणाला, "मजीद, तू इराकला नको जाव. तिकडं कोन नाय. शहजाद नाय रे बाबा. चवदा महिने झाले."

 मजीदनं पाकिटातनं पासपोर्ट काढला, उघडला. फोटोतला शहजाद तेवीस वर्षांचा, ओठांवर नुकती मिशी. मजीदनं त्या फोटोवरून अंगठा फिरवला. मग पत्र काढून बेनेडिक्टपुढं धरलं. "वाचा."

बेनेडिक्टनं आधी मनात वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं मराठीत सांगायला सुरुवात केली, एकेक वाक्य, सावकाश. ताफ्यावर हल्ला झाला. वाहन पूर्ण जळाले. वाहनातील व्यक्तीची ओळख पटू शकली नाही. सदर कर्मचारी हजर न झाल्याने त्यास मृत समजण्यात येत आहे.

इकबाल मजीदच्या तोंडाकडे बघत होता. आता हा रडेल, आपल्याला शिव्या घालील, मारील सुद्धा. मारू दे. मग घरी येईल, मग मुंबईचं तिकीट काढू, मी स्वतः सोबत जाईन, जैतूनभाबीच्या पायाशी बसेन. इथपर्यंत त्यानं मनात रचलं होतं.

मजीद रडला नाही. त्यानं विचारलं, "ओळख पटली नाय म्हंजे? कुनी बघला नाय?"

"बघायला काही उरलं नसेल..." बेनेडिक्ट म्हणाला.

"म्हंजे बघला नाय." मजीदच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "पासपोर्ट खोलीत ऱ्हायला. मानूस बाहेर ऱ्हायला. कंचा तरी कैदी झाला आसल, कंच्या तरी हास्पिटलात पडला आसल. त्येच्याकडं कागद नाय. कागद नसलेला मानूस सरहद्दीवरना परत कसा येल?" तो इकबालकडे वळला. "भाय परत येत नाय, कारन त्येचा पासपोर्ट तुमी पेटीत ठेवलाव, चाचा! चवदा महिने तो तिकडं अडकलाय, आनि हा हितं, तुमच्या पलंगाखाली!"

"नाय रे! तो मेला मजीद, मी सांगतू तुला, तो मेला..."

"तुमी सांगताव!" आता मात्र त्याचा आवाज फाटला. "दर शुक्रवारी माज्या आईला सांगताव, खबर नाय, खबर नाय. तवा खोटा बोलताव, मग आज खरा कशावरना? मना थांबवाया तुमी कायपन बोलाल."

इकबालनं साहेबाच्या टेबलाची कड धरली. हिंदी, इंग्रजी, मराठी, जे तोंडात येईल त्या भाषेत तो विनवू लागला. मला जेलमध्ये घाला. व्हिला सील करा. याला जाऊ देऊ नका. याच्या आईला हा एकच उरलाय. बेनेडिक्ट भाषांतर करता करता थांबला.  साहेब उठून टेबलाला वळसा घालून आला. त्यानं आधी इकबालला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग मजीदच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलला.

"साहेब म्हणतात," बेनेडिक्टनं सांगितलं, "अधिकारी म्हणून नाही, मोठा भाऊ म्हणून सांगतो. जाऊ नकोस. तुझा भाऊ गेला आहे."

"शुक्रन," मजीद म्हणाला. "मोठा भाऊ माजा तिकडं हाय. मी जातू आनि घेऊन येतू."

शहजादचा पासपोर्ट घरच्यांचा, भावानं सही करून न्यावा, असं ठरलं, कारण दुसरं काय ठरणार? मजीदनं सही केली. दोन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवून शर्टाच्या आतल्या खिशात घातले आणि वरून बटण लावलं.

गुरुवारी सकाळी तो निघाला. टॅक्सी फाटकाशी उभी होती. रबियानं दिलेला डबा त्यानं घेतला, तिचा हात डोळ्यांना लावला. इकबाल मध्ये उभा राहिला, म्हणाला, "तुला जावाचाच तर मना पन ने." मजीद त्याला वळसा घालून गेला. वरून विमान चाललं होतं, त्यामुळे तो जाताना काही म्हणाला की नाही ते ऐकू आलं नाही. पाऊण तासानं आणखी एक विमान उठलं, मग आणखी एक. इकबाल अंगणात उभा राहून प्रत्येकाकडे मान वर करून बघत होता. कुवेतचं कुठलं, त्याला काय कळणार!

एजंटाचा फोन बंद होता. कुवेतमधल्या दोन गाववाल्यांना त्यानं विमानतळावर पिटाळलं. त्यांनी संध्याकाळी सांगितलं, पोरगं दिसलं नाही, बाहेर गाडी उभीच असते त्यांची, उतरला की थेट सरहद्दीकडं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली. इकबाल घरी येऊन पलंगावर बसला. पेटी बाहेरच ओढलेली होती, झाकण उघडं. रबियानं ती आत सारायला हात लावला तर म्हणाला, "राहू दे." सव्वाएकला मोबाइल एकदा वाजून थांबला. कातळोलीचा नंबर. मिस्ड कॉल.

तो बघत राहिला. आज लावलं नाही तर काय होईल, असं त्याच्या मनात आलं. काही होणार नाही. पुढच्या शुक्रवारी ती परत देईल. तो या गोष्टीत तरबेज होता.

 रबियानं फोनचं कार्ड आणून त्याच्यापुढं ठेवलं.

इकबालनं नंबर लावला. पलीकडे पहिल्याच घंटीला उचलला गेला. ती फोनपाशीच बसून असणार.

"इकबाल? मजीद दोन दिस बोलला नाय. रुसलाय ना माज्यावर? रुसू दे. पासपोर्ट तुज्याकडं हाय ना?"

त्याच वेळी वरून विमान आलं. इकबाल थांबला. पलीकडे जैतूनभाबीही थांबली. पंचवीस वर्षांत तिलाही विमानासाठी थांबायची सवय झाली होती. घरघर लांब जाऊन विरून गेली.

"इकबाल? हाय ना रे?"

"नाय भाबी," तो म्हणाला. "दोनव नाय."

"दोन?" ती म्हणाली. "दोन कंचे रे?"

इकबालनं डोळे मिटले आणि पिवळं पाकीट आलं त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.